इंदुताईंची गैरहजेरी

कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की इंदुताई ढेंगरे आधी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवायच्या आणि त्याचं मनगट हातात घ्यायच्या. मग म्हणायच्या, "आता सांग." आमदार झाल्यावरही ही सवय गेली नाही. त्याआधी एकोणीस वर्षं त्या उपकेंद्रात नर्स होत्या, आणि मनगट हातात असल्याशिवाय त्यांना समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नसावं. पक्षातली माणसं पाठीमागे हसायची. एकदा बदलीच्या संदर्भात भेटायला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याचंही मनगट त्यांनी असंच धरलं. बदलीचं बोलणं बाजूलाच राहिलं, आणि तो बिचारा रक्तदाब तपासून घेण्याचा सल्ला घेऊन परत गेला.

माझंही धरलं होतं. एम.ए. करून, टायपिंगच्या दोन परीक्षा देऊन मी घरी बसले होते. वडील नागपुरात लकडगंजला एका आरागिरणीत कामाला होते. त्यांनी कोणाची तरी ओळख काढून मला मनीषनगरला ताईंच्या घरी पाठवलं. मला नोकरीसाठी एक शिफारसपत्र हवं होतं. ताईंनी माझा अर्ज एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हा अर्ज कोनं लिवला वं?"

मी म्हटलं, मीच लिहिला.

"मंग तुले पत्र नाही देत मी. तू इथंच बस. मले असं लिवनारी पाहिजे."

त्या दिवशी दुपारी मी बसले ती नऊ वर्षं उठले नाही. पगार आमदाराच्या स्वीय सहाय्यकाचा, काम मात्र दिवसभर दुसऱ्यांच्या अडचणी शुद्ध मराठीत लिहून काढण्याचं.

आमदारकी ताईंनी मागितली नव्हती. आधी जिल्हा परिषदेची जागा महिलांसाठी राखीव झाली. पक्षाकडे गावोगाव ओळख असलेली बाई नव्हती, आणि त्या भागात सगळी घरं आतून पाहिलेली एकच बाई होती. त्यांनी नोकरी सोडली आणि त्या निवडून आल्या. पुढे विधानसभेच्या वेळी दोन मातब्बर पुढारी तिकिटासाठी इतके भांडले की दोघांपैकी कोणालाही दिलं असतं तर दुसऱ्यानं त्याला पाडलंच असतं. तिकीट ताईंच्या पदरात पडलं. "त्याइचं एकमेकाले पाडनं चालू होतं," त्या सांगायच्या, "अन् मी मधातून निघून गेली." त्यांच्या मतदारसंघाचं नाव मी इथे लिहीत नाही. निम्मा शहराच्या कडेचा, निम्मा कळमेश्वरच्या पलीकडच्या खेड्यांचा, एवढं पुरे.

निवडणूक आली की मी त्यांच्यापुढे मतदार यादी वाचायची. इतर उमेदवार यादीत जाती मोजत बसतात. ताई मध्येच थांबवायच्या. "हा पायाळू होता. दोन तास घेतले यानं." किंवा, "हिच्या गळ्याले नाळ होती गुंडाळलेली. आता पोलीस झाली म्हनतात." तिशीच्या आतले कितीतरी मतदार त्यांच्या हातांवर जन्मले होते. त्यातले सगळेच त्यांना मत देत नसत, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे.

सकाळी सात वाजल्यापासून ओसरीत माणसं बसलेली असायची. जातीचा दाखला, शाळेतला प्रवेश, सरकारी दवाखान्यात खाट, तुंबलेलं गटार, सुनेची बदली. नवीन असताना मी लोकांना उत्साहानं सांगायची, होऊन जाईल, काळजी करू नका. एकदा ताईंनी मला आत बोलावलं. "'होते' म्हनू नको वं, वंदना. 'पाहतो' म्हन. 'होते' म्हटलं की तो मानूस घरी जाऊन बायकोले सांगते." पत्रात मी 'तात्काळ' लिहिलं की तो शब्द त्या खोडायच्या. म्हणायच्या, सगळेच तात्काळ लिहितात, म्हणून कोणी वाचत नाही. त्यापेक्षा त्या माणसाच्या घरात खाणारी तोंडं किती आहेत ते लिही.

दुपारनंतर गाडी निघायची. एका दिवसात तीन तेरव्या, दोन वाढदिवस, चार लग्नं. लग्नात आमदार जेवला नाही तर वरपिता रुसतो, म्हणून प्रत्येक मांडवात पुरीचा एक तुकडा. दुसऱ्या खेपेला निवडून आल्यावर त्यांचे पाय सुजायला लागले. गाडीत बसल्या की चपला काढून फायलींच्या गठ्ठ्यावर पाय ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत राहायच्या. थकले असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. फक्त पुढचं गाव आलं की उतरायच्या आधी दोन-तीन श्वास जास्त घ्यायच्या.

मला सांगायचं आहे ते बोरखळ्याबद्दल. गाव लहान, दीड-दोनशे घरांचं. शेजारी एक कारखाना उभा राहिला आणि चार-पाच वर्षांत गावच्या विहिरींचं पाणी पिवळं पडलं. त्याला औषधासारखा वास यायचा. लहान मुलांच्या अंगावर फोड उठायचे. सरपंच पंजाबराव तिथले जुने शेतकरी, बोलायला अगदी सावकाश. एक दिवस ते बाटलीत ते पाणी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, तुमीच पाहा." ताईंनी बाटली उघडून वास घेतला. त्या गावात त्यांनी नर्स असताना अकरा वर्षं काढली होती. त्याच विहिरीचं पाणी उकळून बाळंतिणींना दिलं होतं.

पत्रं गेली. उत्तरं आली. पुन्हा पत्रं गेली. शेवटी ताईंनी ठरवलं की हिवाळी अधिवेशनात लक्षवेधी लावायची. म्हणजे त्या विषयावर मंत्र्याला सभागृहात उभं राहून सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. वर्षातून एकदाच विधानसभा नागपूरला येते. गावातल्या लोकांनाही आपल्या आमदाराला बोलताना बघता येईल, म्हणून मी प्रेक्षक गॅलरीचे पाच पास काढले. लक्षवेधीचा मसुदा मीच लिहिला होता. आयुष्यात मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही.

लक्षवेधी लागली त्या दिवशी सकाळी ताईंना पक्षाच्या नेत्यांकडून बोलावणं आलं. पंधरा मिनिटांत त्या बाहेर आल्या आणि सभागृहाकडे न जाता सरळ गाडीकडे चालू लागल्या. मी मागे धावले. गाडीत बसून त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं. तालुक्यासाठी ग्रामीण रुग्णालय मंजूर होत होतं. तीस खाटा, शस्त्रक्रियेची खोली, बाळंतिणींचा वेगळा कक्ष. सात वर्षं त्या हेच मागत होत्या. फाईल आजच सही होऊन निघणार होती. ताईंनी फक्त एवढंच करायचं होतं, की नाव पुकारलं जाईल तेव्हा जागेवर नसायचं. सदस्य गैरहजर असला की लक्षवेधी आपोआप संपते. कोणाला नकार द्यावा लागत नाही, कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

"तीस खाटा, वंदे," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं, बंडीत, टेम्पोत मेलेल्या बाया पाह्यल्या मी."

थंडीचं ऊन काचेवर पडलं होतं. लांबून कुठल्या तरी मोर्चाच्या भोंग्याचा आवाज येत होता. ताई सारख्या घड्याळ बघत होत्या. एकदा त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. मला वाटलं, आता उतरतील. हात तिथेच राहिला. मग विचारलं, "पुकारलं असन आता?" मी म्हटलं, पुकारलं असेल. त्यांनी हात काढून घेतला.

गॅलरीतून पाचही माणसं खाली आली तेव्हा त्यांना भेटायला मला पाठवलं. ताईंनीच सांगितलं होतं तसं मी म्हटलं, की ताईंची तब्येत अचानक बिघडली, घरी न्यावं लागलं. पंजाबरावांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली. "जास्त हाये का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, आरामाची गरज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण मनीषनगरला हजर. सोबत दोन पपया आणि पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा. मी आत जाऊन सांगितलं तेव्हा ताई टेबलाशी बसून कागद बघत होत्या. त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या उठल्या, पलंगावर आडव्या झाल्या आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी पाचही जणांना आत बोलावलं.

पंजाबराव पायथ्याशी उभे राहिले. निघताना ते म्हणाले, "पान्याचं होत राहीन, ताई. तुमी बऱ्या व्हा." ताईंनी मान हलवली. ते गेल्यावर त्यांनी चादरीची घडी घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेंगा शेजाऱ्यांना वाटून टाकायला सांगितल्या.

रुग्णालय झालं. दोन वर्षांत इमारत उभी राहिली, डॉक्टर आले. खरं सांगायचं तर ते चांगलं चालतं. पहिल्या महिन्यात ताई तीनदा तिथल्या प्रसूतिकक्षात जाऊन उभ्या राहिल्या. नर्सना हात कसे धुवायचे ते दाखवलं. परत येताना गाडीत म्हणायच्या, "आज दोघी वाचल्या." बोरखळ्याचा रस्ता त्याच वाटेवर फुटतो. त्या फाट्यावर आलं की त्या दुसऱ्या बाजूला बघायच्या. बोरखळ्याच्या कार्यक्रमांना त्या दोन वर्षांत कधी गेल्या नाहीत. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण लिहून कळवायची.

तिसरी निवडणूक आली. बोरखळ्याची सभा टाळता येण्यासारखी नव्हती. गावच्या शाळेसमोर मांडव होता. पक्षाच्या माणसांनी भाषण लिहून दिलं होतं: ग्रामीण रुग्णालय, रस्ते, समाजभवन. ताई माइकपुढे उभ्या राहिल्या. रुग्णालयाचं बोलल्या. मग थांबल्या. मी मागे खुर्चीवर होते. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की पुढचं कागदावर नाही.

"त्या दिवशी मी बिमार नव्हती," त्या म्हणाल्या. "गाडीत बसून होती. तुमची लक्षवेधी मी जाऊ देली. दवाखान्यासाठी देली. दुसऱ्या दिवशी तुमी आले, तं मी तुमच्यासमोर चादर घेऊन पडून राह्यली."

पक्षाचा तालुकाध्यक्ष उठला, पुन्हा बसला. कुठेतरी एक लहान मूल रडत होतं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. आपण माफी मागायला आलो नाही, फक्त एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, असं म्हणून ताईंनी माइक सोडला.

पंजाबराव पुढच्या रांगेत होते. उभं राहायला त्यांना वेळ लागला. "आमाले मालूम होतं, ताई," ते म्हणाले. "विधानभवनातून बाहेर निंगालो तवा गाडी दिसली होती. तुमी आतमदी होत्या."

ताईंनी विचारलं, "मंग घरी काहून आले?"

"तुमी सांगान, म्हून आलो होतो."

सभा तिथेच संपली. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. परतीच्या वाटेवर तालुकाध्यक्ष गाडीत बसला नाही. ताईंनी पाय फायलींवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. कळमेश्वर गेल्यावर म्हणाल्या, "पाच मानसं आली होती, वंदे. बसच्या तिकिटानं. पपया घेऊन."

त्या हरल्या. फार नाही, पण हरल्या. मतमोजणीच्या ठिकाणी बोरखळ्याच्या केंद्राचे आकडे मी वाचून दाखवले. ताईंना तिथे शंभरसुद्धा मतं नव्हती. पक्षाची माणसं भडकली, की इतकं करून या गावानं असं केलं. ताई म्हणाल्या, "बराबर केलं त्याइनं." त्या दिवसानंतर पक्षातलं कोणी मनीषनगरच्या घरी फारसं आलं नाही. ओसरीतल्या खुर्च्या हळूहळू आत गेल्या.

मला एका खाजगी शाळेत कार्यालयात काम मिळालं. तरी शनिवारी मी त्यांच्याकडे जायची, कारण त्यांचं लिहिणं संपलं नव्हतं. निकालानंतर दोन महिन्यांनी त्या एकट्याच बसनं बोरखळ्याला गेल्या होत्या. पंजाबरावांच्या घरी काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. त्यानंतर मात्र महिन्यातून दोन-तीनदा दोघं मिळून कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जायचे, जिथे प्रदूषणाच्या तक्रारी घेतात तिथे, कधी जिल्हाधिकारी कार्यालयात. बाकावर बसायचे. पत्रावर मी सवयीनं 'माजी आमदार' लिहिलं, तर त्यांनी ते खोडलं आणि 'निवृत्त नर्स' लिहायला लावलं. एकदा कारकुनानं विचारलं, आपण गावच्या कोण? त्या म्हणाल्या, "मी तिथली दाई हाये."

काही झालं नाही असं नाही. पाण्याचे नमुने घेतले गेले. कारखान्याला नोटीस निघाली, तो काही दिवस बंद राहिला आणि परत सुरू झाला. गावाला लांबच्या धरणावरून नळाचं पाणी आलं. त्याचं उद्घाटन नव्या आमदारांनी केलं. ताईंना निमंत्रण नव्हतं, आणि त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण विहिरी तशाच राहिल्या. नळ दोन दिवसांआड यायचा. ताई प्रत्येक पत्रात विहिरीच लिहायला लावायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, आता नळ आहे ना गावाला. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नळ सरकारनं देला. विहीर त्याइची होती."

मग त्यांची किडनी गेली. पायांची सूज हे त्याचंच लक्षण होतं, आणि इतरांची नाडी धरणाऱ्या बाईनं स्वतःचं कधी तपासून घेतलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकी दिवस पलंगावर. डॉक्टरांनी त्यांच्या यजमानांना सांगून ठेवलं होतं, की आता त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. यजमान शाळामास्तर होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. ते फार कमी बोलायचे. भेटायला येणाऱ्यांना हे सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

एका शनिवारी दुपारी पंजाबराव आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. मी त्यांना फाटकातच गाठलं. म्हटलं, ताईंचं काही खरं नाही. त्या विहिरींचं विचारतील. तुम्ही सांगा, की पाणी आता स्वच्छ झालंय. त्यांना शांत वाटेल.

पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. पाहण्यात राग नव्हता. फक्त ते जरा जास्त वेळ पाहत राहिले, आणि मला त्या दिवशीची गॅलरीखालची त्यांची फिरणारी टोपी आठवली. मग काठी टेकत ते आत गेले.

ताईंनी त्यांना ओळखलं. आवाज पार खोल गेला होता. "विहिरी कशा हायेत?" मी दारात उभी होते.

"तशाच, ताई," पंजाबराव म्हणाले. "पिवळंच हाये पानी. ढोरं तोंड नाही लावत."

मी मान खाली घातली. मग ताईंचा आवाज आला, होता त्यापेक्षा स्पष्ट. "बसा पंजाबराव. उभे काहून?" त्यांनी पाय कसेबसे एका बाजूला सरकवले, पलंगावर जागा केली. मला म्हणाल्या, "चहा ठेव वं वंदे, अन् कागद घेऊन ये."

पाच वाजेपर्यंत दोघं बोलत होते. कोणत्या कार्यालयातलं उत्तर आलं नाही, कोणता अधिकारी बदलून आला, नमुने पुन्हा घ्यायला लावायचे तर अर्ज कोणाच्या नावे करावा. ताई मधूनमधून थांबायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा सांगायच्या. मी लिहून घेत होते. एका ठिकाणी मी 'तात्काळ' लिहिलं होतं, ते मीच खोडलं.

सोमवारी मी पत्र टाइप करून नेलं. त्या झोपेत होत्या, उठवू नका म्हणाले गुरुजी. बुधवारी पहाटे त्या गेल्या. पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं होतं, सहीची जागा कोरी.

तेरवीला मोठमोठी माणसं आली. सगळ्यांनी रुग्णालयाचा उल्लेख केला. पंजाबराव मागच्या बाजूला बसले होते. जेवणं झाल्यावर मी ते पत्र त्यांना दाखवलं आणि म्हटलं, आता याचं काय करायचं, कळत नाही. त्यांनी माझं पेन मागून घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि ताईंच्या नावाखाली, कोऱ्या जागेत, आपली सही केली. मग पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि सोमवारी नेऊन देतो म्हणाले.